लस वाढली

हेमांगी तोडणकरला या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधी मोजून ठेवू. मागाहून मोजायला बसलं की माणसं आकडा कमी सांगतात.

तिला अठ्ठ्याऐंशी वजन हवं होतं. नऊशे बारा होतं, हजार झालं की बाकावर जागा. हे वजन काट्यावरचं नव्हे, वारुळातलं. बाकावर बसलं म्हणजे खुर्ची, गाडी, शाल-श्रीफळ असलं काही मिळत नव्हतं. मिळायचं ते इतकंच, की वारुळाचे नियम ठरताना आपलं मत धरलं जातं. पण हेमांगीचं खारवलीच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान होतं, आणि तालुक्यात तिला नावाने हाक मारणारी माणसं दोनच होती. एक वडील, तेही रागावले की. दुसऱ्या सुलोचनामावशी. उरलेल्यांसाठी ती ‘झेरॉक्स’. ‘ए झेरॉक्स, उद्या लवकर उघड गो.’ चौतीस वर्षांच्या बाईला रोज चाळीस वेळा यंत्राच्या नावाने हाक मारली, तर तिला कुठेतरी बाकावर बसावंसं वाटणारच. त्यात मला काही वावगं दिसत नाही. बिघडलं ते पुढे.

वारूळ म्हणजे काय, ते इथेच सांगतो. त्या सुमारास कोकणात निम्म्या लोकांच्या फोनमध्ये ते होतं. त्याला मालक नव्हता, कचेरी नव्हती, सगळं साठवून ठेवणारा मोठा संगणकही कुठे नव्हता. प्रत्येक फोनमध्ये सगळ्या नोंदींची एकेक प्रत. दोन फोन शेजारून गेले की, मुंग्या वाटेत तोंडाला तोंड लावतात तसे, एकमेकांना नव्या नोंदी देऊन पुढे जायचे. टॉवर पडला तरी वारूळ चालू. कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध आहे, कुठल्या साकवावरून पाणी जातंय, कुठली दरड सैल झालीये, हे लोक स्वतः नोंदवत. सरकारी तक्ता महिन्यातून एकदा बदले, वारूळ मिनिटाला बदले. रुग्णवाहिकासुद्धा रस्ता त्याला विचारूनच घेऊ लागल्या होत्या. आणि एकदा पडलेली नोंद कुणालाच पुसता येत नसे, कारण ती एका ठिकाणी नसे. हजारो फोनांतून पुसणार कोण?

आता मालक नाही म्हटल्यावर कुणाचं खरं मानायचं? त्यासाठी वजन. ज्याच्या नोंदी खऱ्या निघतात त्याचं वजन वाढतं. शंभराच्या आतल्या माणसाची नोंद आणखी तिघांनी दुजोरा दिल्याशिवाय धरली जात नाही. शंभरच्या वर एकट्याचा शब्द पुरतो. नवीन माणूस शून्यावर येतो, आणि त्याला आत आणणारा एक जुना माणूस लागतो. नवरीबरोबर सासरी चार दिवस पाठराखीण जाते ना, तसं. म्हणून त्या माणसाला वारुळात पाठराखीणच म्हणत, मिशीवाला असला तरी. नवखा टिकला तर पाठराखणीला वजन मिळायचं, नवखा चुकला तर दोघांचंही जायचं.

हेमांगीने दोन वर्षांत त्रेसष्ट नवखे आणले होते. चौसष्टाव्या सुलोचनामावशी.

सुलोचना पेडणेकर कातळोशीच्या आरोग्यकेंद्रात अडतीस वर्षं नर्स होत्या. नात्याने हेमांगीच्या कोणी नव्हत्या, पण तिची नाळ त्यांनी कापली होती आणि तिची आई गेल्यावर दहावीपर्यंत तिच्या वेण्या घातल्या होत्या. निवृत्त होऊनही रोज सकाळी आठला केंद्रात हजर असायच्या. तिथे औषधवाल्याची जागा तीन वर्षं रिकामी होती, त्यामुळे साठ्याची वही मावशीच लिहीत. पगार नाही, सही नाही, चहा घरून. अशा माणसाची नोंद वारुळाला हवी होती. दवाखान्यातला नवखा आणला की पाठराखणीला एकदम पन्नास.

त्या आठवड्यात भरती सप्ताह होता. सकाळी अकराला हेमांगी मावशींच्या पडवीत बसली होती आणि खाली वळणावर विजेवरची रिक्षा थांबली होती, कारण पुढच्या वाडीत आणखी तीन नवखे वाट पाहत होते.

“हे काय विचारतंय?” मावशींनी फोन हातभर लांब धरला. “‘आपणांस वारुळात का यावेसे वाटते?’ लिही, हेमांगी कान खाते म्हणून.”

“मावशी, नीट सांग. नाहीतर पारख वजन देणार नाही.”

“कोण पारख? मारवाडी?”

“यंत्र आहे गो. तुझ्या पहिल्या अकरा नोंदी बघतं. कधी लिहितेस, चुकलं तर सुधारतेस का, इतरांशी जुळतं का. त्यावरून ओळखतं की तू पुढे कशी निघशील. पूर्वी एकवीस दिवस बघायचे. आता तीन दिवसांत सांगतं.”

“अकरा नोंदींत माणूस ओळखतं? मला आमचे हे तेवीस वर्षांत कळले नाहीत.” मावशींनी फोन तिच्या हातात दिला. “धर. बोट जपून, त्या कोपऱ्यात काच वाढलीय.”

“फुटलीय म्हण ना.”

“फुटली म्हणू नये. दवाखान्यात पहिल्या दिवशी आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, फुटलं, संपलं, गेलं, हे तीन शब्द इथे काढायचे नाहीत. बाहेर बाकड्यावर माणसं बसलेली असतात. आतून ‘औषध संपलं’ ऐकलं की अर्ध्यांचा धीर तिथेच सुटतो. सलाइन वाढलं, गोळ्या वाढल्या. कळणाऱ्याला कळतं.”

हेमांगी हसली. लहानपणापासून ऐकत आलेली. तिला कळायचंच.

पुढची पायरी होती ‘भाषेचा तास’. नवख्याने तासभर आपल्या घराबद्दल, कामाबद्दल मोकळेपणी बोलायचं, फोनने ऐकायचं, आणि पाठराखणीने शेजारी बसून सांगत जायचं की हा शब्द ही बाई या अर्थाने वापरते. त्यातून त्या माणसाचा छोटासा शब्दकोश तयार व्हायचा आणि त्याच्या नावाला जोडला जायचा. गरज अशी, की नोंदी बोलून घातल्या जात आणि बोललेलं समजून घेणारं यंत्र वर्तमानपत्रांवर आणि सरकारी कागदांवर शिकलेलं होतं. त्या कागदांत भाव वाढतो, पारा वाढतो, लोकसंख्या वाढते. दिवा वाढत नाही, नारळ वाढत नाही, काच तर नाहीच नाही. वारूळ सुरू झालं तेव्हा ज्यांनी हा तास घातला, त्यांनी फार शहाणपणाने घातला होता. पण दहा नवख्यांपैकी चार याच पायरीवर उठून जात. ‘तासभर बोलायला वेळ कुणाला आहे?’ मग बाकाने नियम सैल केला. ऐकणं बंद झालं, एक चौकोन आला. ‘भाषेचा तास झाला.’ पाठराखणीने खूण करायची.

खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

हेमांगीने खूण केली.

“झालं?” मावशींनी विचारलं. “एवढंच? मला वाटलं परीक्षा असेल.”

“तुझी कसली परीक्षा, मावशी.”

तिसऱ्या दिवशी पारखने निकाल दिला. मावशींची प्रत्येक नोंद सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, एकही चूक नाही, एकदा गोळ्यांचा आकडा चुकला तर स्वतःच सुधारलेला. पारखने त्यांना एकशे चाळीस वजन दिलं. लोकांना तीन वर्षं लागत. हेमांगी नऊशे बासष्टवर गेली, आणि पुण्याहून ओजस परचुरेंचा फोन आला. परचुरे बाकावरचे. सैल नियमाचा ठराव त्यांचाच, पारख बसवण्याचाही. बोलणं मात्र साखरेसारखं.

“हेमांगीताई, अशी माणसं आणणं ही कला आहे. अजून अडतीस. आम्ही जागा पुसून ठेवलीये.”

तिने दुकान अर्धा तास आधी बंद केलं आणि वडिलांसाठी खरवस नेला. अडतीसचा हिशोब तिने त्यांना दोनदा समजावला. त्यांना एकदाही कळला नाही, पण खरवस आवडला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भातकापणी लागली. कापणी लागली की घोणस बाहेर पडते. कातळोशीच्या केंद्रात चार दिवसांत तीन माणसं आली, तिघं वाचली, आणि मंगळवारी सकाळी सर्पविषावरच्या लसीची शेवटची कुपी वापरून झाली. आठ वाजून दहा मिनिटांनी मावशींनी फोन तोंडाशी धरला. बाहेर बाकड्यावर सात माणसं बसली होती.

“विषावरची लस वाढली. चाळीस मागवल्यात.”

यंत्राने ऐकलं, वर्तमानपत्रात वाचल्यासारखं समजून घेतलं. चाळीस मागवल्या, लस वाढली. कातळोशी, साठा चाळीस, हिरवा. एकशे चाळीस वजनाच्या बाईचा शब्द, दुजोरा कशाला? दुपारपर्यंत ही हिरवी खूण तालुक्यातल्या प्रत्येक फोनात पोचली होती.

बुधवारी सकाळी सव्वानऊला धारेवाडीच्या डीपीपाशी रघुवीर मांजरेकर गवत बाजूला करत होता. वीज मंडळाचा लाइनमन, वय अडतीस, बायको दर्शना. हाताला मोजे होते, पायात बूट होते. घोणस पोटरीला चावली.

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. धारेवाडीपासून खाली खारवलीचं रुग्णालय पन्नास मिनिटांवर, तिथे सहा कुप्या दिसत होत्या. वर कातळोशी पस्तीस मिनिटांवर, तिथे चाळीस. घोणशीला दहा कुप्या तर सुरुवातीलाच लागतात. गाडीने पडद्यावर कातळोशीचा रस्ता काढला. कुणीही तोच काढला असता. मीही.

गाडी केंद्रापुढे थांबली तेव्हा मावशी पायरीवर आल्या. रघुवीरची पोटरी केळफुलासारखी झाली होती आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं.

“इकडे कशाला आणलात?” मावशी म्हणाल्या. “लस वाढली म्हणून कालच कळवलंय मी.”

“म्हणून तर आणला, बाई,” ड्रायव्हर म्हणाला.

मग मावशींनी आत जाऊन फ्रिजचं दार सताड उघडं टाकलं, आणि ड्रायव्हरला काय ते दिसलं. तिथून परत पस्तीस अधिक पन्नास. खारवलीला सहा कुप्या दिल्या. जिल्ह्याच्या वाटेवर, अडीचच्या सुमारास, रघुवीर गेला. मावशींचा तो शब्द इथे मी वापरत नाही.

चार वाजता हेमांगीच्या फोनवर वारुळाचा निरोप आला. नवखी सुलोचना पेडणेकर हिच्या नोंदीमुळे जीवहानी, छाननी सुरू. पाठराखणीपुढे दोन पर्याय. नवखीचा हात धरून ठेवल्यास तिची घसरण ती आपली घसरण. चोवीस तासांच्या आत हात सोडल्यास नवखीबद्दल मिळालेले पन्नास परत घेतले जातील, मात्र दक्षतेबद्दल नव्वद मिळतील.

गिऱ्हाईक काउंटरवर आधारकार्डाच्या चार प्रती मागत होतं. हेमांगीने प्रती काढल्या, सुटे पैसे दिले, आणि चार वाजून नऊ मिनिटांनी हात सोडला. तिच्या बाजूने नऊ मिनिटांचा विचार मोजावा, तर त्यातलीही काही मिनिटं त्या चार प्रतींत गेली.

नऊशे बासष्ट वजा पन्नास, अधिक नव्वद. एक हजार दोन. पडद्यावर लगेच अक्षरं आली: ‘बाकावर स्वागत.’

मग तिने मूळ नोंद ऐकली. मावशींचा आवाज, बारीक, बाहेर ऐकू जाऊ नये असा. ‘विषावरची लस वाढली.’

तिने पुन्हा ऐकली. शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत खाली बसली. चूक कुठे झाली, हे त्या क्षणी साऱ्या वारुळात एकटीला कळलं होतं, कारण त्या पडवीत खूण करणारं बोट तिचं होतं. तिने हात सोडल्याची नोंद मागे घ्यायचा प्रयत्न केला. एकदा, तीनदा. पण वारुळात पुसणं नसतं.

परचुरेंना फोन लावला.

“ती खोटं बोलली नाही,” हेमांगी म्हणाली. “वाढली म्हणजे संपली. आमच्याकडे असंच बोलतात. तुमच्याकडेही बोलत असतील, आजीला विचारा.”

“ताई, मी समजू शकतो. पण छाननी नोंद बघते, हेतू बघत नाही.”

“छाननी म्हणजे कोण?”

“म्हणजे… सगळेच.”

“सगळे म्हणजे कोण? मला एक नाव द्या. त्याच्या घरी जाऊन बसते.”

“हेच तर वारुळाचं सौंदर्य आहे,” परचुरे म्हणाले, आणि हे ते खरोखर मनापासून म्हणाले. “इथे कोणी एक नाही.”

“माणूस मात्र एकच मेला, परचुरे.” हेमांगीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कातळोशीला गेली. मावशी केंद्रात नव्हत्या, पडवीत होत्या. पुढ्यात सुपात तांदूळ होते, निवडत नव्हत्या.

“आलीस? ये.” त्यांनी वर पाहिलं नाही. “खालची पोरं येऊन वाचून दाखवून गेली. माझ्या नावापुढे लाल रेघ आलीय म्हणे. आणि तू माझा हात सोडलास म्हणे. कुठला हात गो? मी कधी धरला होता तुझा?”

“मावशी…”

“धरला होता. वेणी घालताना धरायची. तू पळायचीस.” आता त्यांनी पाहिलं. “मला एवढंच सांग. मी चुकीचं काय बोलले?”

“काही नाही.”

“मग?”

हेमांगीने सांगितलं. तास, चौकोन, खाली वाजलेला हॉर्न. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी तासभर बोलायची होते,” शेवटी त्या म्हणाल्या, “आणि तू बसून ऐकायची होतीस.”

“हो.”

“चहा केला असता मी. खोबऱ्याच्या वड्या होत्या डब्यात.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “काल दर्शना आली होती, त्याची बायको. रडली नाही. मला म्हणाली, नर्सबाई, माझ्या दोन्ही मुली तुमच्या हातावर झाल्या, तुम्ही खोटं का लिहिलंत? मी तिला काय सांगू? शब्द वाढला म्हणून सांगू?”

“मी सांगते तिला.”

“तिला कशाला? ज्यांनी लाल रेघ ओढली त्यांना सांग. ती रेघ पुसून आण. तोवर या पडवीत येऊ नकोस.”

“रेघ पुसता येत नाही, मावशी. कुणालाच.”

“मग असल्या ठिकाणी मला नेलंस कशाला?” मावशी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

बाकाची बैठक रविवारी सकाळी दहाला, फोनवरच. तेवीस माणसं, कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं, दोघं परदेशातले. हेमांगी शटर ओढून स्टुलावर बसली होती. शेजारी झेरॉक्स यंत्र होतं, आणि पहाटेपासून छापलेल्या कागदांचा गठ्ठा. वारुळात काही पुसलं जात नाही, हे तिला परचुरेंनीच शिकवलं होतं. नोंद पुसली जात नाही तशी प्रत्येक पायरीवर घालवलेली वेळही पुसली जात नाही. तिने ती फक्त काढली. यंत्राच्या नावाची बाई, प्रत काढणं तिला येत होतं.

पहिला विषय ‘वाढणे या क्रियापदाबाबत’. मांडणार परचुरे.

“दुर्दैवी घटनेतून आपण शिकलो,” ते म्हणाले. “ठराव असा की आरोग्याच्या नोंदींत ‘वाढणे’ याचा अर्थ ‘संपणे’ असा शब्दकोशात घालावा. आजपासून, सर्वत्र. हेमांगीताई नव्या आहेत, त्यांना काही म्हणायचंय का?”

“एक विचारायचंय. भाषेचा तास किती मिनिटांचा असतो?”

“ताई, विषय तो नाही.”

“माझ्याकडे कागद आहेत. आजवर चार हजार एकशे तासांवर खुणा झाल्या. त्यातले तीन हजार सातशे एका मिनिटाच्या आत संपलेत. सुलोचनाबाईंचा तास मी अकरा सेकंदांत घेतला. मी खोटी खूण केली, त्याने रघुवीर मांजरेकर मेला. हे मी नोंदीत घालणार आहे.”

कोणीतरी खाकरलं. नागपूरच्या बाई म्हणाल्या, “अहो, भावनेच्या भरात नका…”

“आणि परचुरे, तुम्ही आणलेल्या नव्वद जणांचा सरासरी तास चार सेकंदांचा आहे. मी निदान रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकून केली. तुम्हाला कुणाचा हॉर्न होता?”

“हे वैयक्तिक होतंय,” परचुरे म्हणाले. आवाजातली साखर खाली बसली होती.

“माणूस मेला ते सार्वजनिक, आणि सेकंद मोजले की वैयक्तिक? ठीक. माझा ठराव घ्या. सुलोचना पेडणेकरांची रेघ आपण तेवीस जणांनी आपापल्या नावावर घ्यायची. नियम सैल करायला हात वर केलेत ना, तेच हात.”

मत घेतलं. बाजूने एक. विरुद्ध चौदा. आठ जणांचं नेटवर्क त्याच मिनिटाला गेलं. मग क्रियापदाचा ठराव आला, तो एक विरोध वगळता पास झाला, आणि गेलेली नेटवर्कं मतापुरती परत आली. शब्दकोशातल्या दुरुस्तीबद्दल परचुरेंना तीस वजन.

सव्वाअकराला हेमांगीने स्वतःच्या नावाने नोंद घातली. ‘भाषेचा तास घेतला नाही. खूण खोटी. सुलोचना पेडणेकर यांची नोंद खरी होती, ऐकणारे चुकले.’ पारखला या शेवटच्या वाक्याचं काय करावं ते कळलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता. पहिल्या दोन वाक्यांसाठी होता. पाठराखणीने खोटी खूण कबूल केली, वजन शून्य, आणि तिने आणलेल्या त्रेसष्ट जणांचं वजन फेरतपासणीपर्यंत गोठलं.

दुपारी त्या त्रेसष्टांचे फोन सुरू झाले. साकवाची नोंद ठेवणारा, दरडीवर नजर ठेवणारी, पाण्याच्या टाक्या बघणारा. ‘आम्ही काय केलं होतं गो तुझं?’ सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं, आणि ती सगळ्यांना तेच उत्तर देत होती: “तुझा पण तास मी घेतला नव्हता. ये, आता बस.” सात जण येऊन बसले. शटर वर करून ती रोज दुपारी एकेकाला तासभर बोलायला लावते आणि वहीत शब्द उतरवते. ती वही वारुळात जात नाही, शून्य वजनाच्या बाईचं तिथे कोण ऐकतो?

नव्या अर्थाचं काय झालं, तेही सांगायला हवं. पंधरा दिवसांनी कुंभारठिकाण गावातून एका शाळामास्तरने आरोग्याची नोंद घातली, ‘वाडीत ताप वाढला.’ शब्दकोश आता शहाणा झाला होता. त्याने वाडी हिरवी केली. तापाची गाडी नऊ दिवस उशिरा पोचली आणि चार जणांना जिल्ह्याला हलवावं लागलं. त्यावर पुढचा ठराव आला. मांडणारे परचुरे, वजन पुन्हा तीस.

आता एकंदर. हेमांगीला अठ्ठ्याऐंशी हवे होते, नव्वद मिळाले, चौथ्या दिवशी एक हजार दोन गेले. त्याशिवाय एक पडवी गेली. ती अजून दर पंधरवड्याला कातळोशीच्या वळणापर्यंत जाते, खोबऱ्याच्या वड्या घेऊन, आणि परत येते. त्रेसष्ट जणांचं वजन गोठलं ते गोठलंच. मावशींच्या नावापुढची लाल रेघ कोकणातल्या प्रत्येक फोनात आहे, त्या सकाळी आठला कुठे जात नाहीत, आणि केंद्रातली साठ्याची वही त्या मंगळवारनंतर कोरी आहे. परचुरेंच्या खात्यावर साठ जमा. वारुळाचं काहीच गेलं नाही, कारण ज्याचं जावं असं तिथे कोणी नव्हतं. रघुवीरचं होतं तेवढं सगळं गेलं. आणि तिसऱ्या दिवशी दर्शनाच्या बांगड्या वाढवल्या. ती नोंद कुणी वारुळात घातली नाही हे बरं झालं, कारण बांगड्या आरोग्यात येत नाहीत, तिथे वाढणे म्हणजे अजून वाढणेच, आणि धारेवाडीच्या नावावर दोन डझन जमा दिसल्या असत्या.